रात्रीचे अडीच कोणाचे?

युनिक्स घराण्यातल्या संगणकाकडून एखादे काम ठरल्या वेळी आपोआप करून घ्यायचे असेल, तर त्याला एक ओळ लिहून दिली की पुरते. क्रॉन नावाचा प्रोग्रॅम पडद्याआड सतत जागा असतो. दर मिनिटाला तो आपली यादी पाहतो आणि ज्या ओळीची वेळ भरली असेल ते काम सुरू करून देतो. ओळीच्या आरंभी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. १९७९ साली बेल लॅब्जने युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर आणली, तीत ब्रायन कर्निगन यांनी लिहिलेला क्रॉन होता. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये तो नव्याने लिहिला आणि पुढे लिनक्सबरोबर तो असंख्य सर्व्हरांवर पोचला. एखाद्या बँकेत रात्री अडीच वाजता दिवसभराच्या हिशेबाची प्रत काढून ठेवली जाते, ती अशाच एखाद्या ओळीच्या जोरावर. पण अडीच म्हणजे काय, हे त्या यंत्राच्या गाभ्याला ठाऊक नसते. तो फक्त सेकंद मोजतो, १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचमधल्या मध्यरात्रीपासून. त्या क्षणी नाशिकच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले होते. सेकंदांच्या या राशीतून ‘रात्रीचे अडीच’ काढायचे तर प्रदेशवार वेळांचा एक तक्ता लागतो. भारतासाठी त्या तक्त्यात १९४५ पासून एकच गोष्ट लिहिलेली आहे: ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. क्रॉनची ओळ इतकी आटोपशीर राहते याचे श्रेय आपण संगणकशास्त्राला देतो. माझे म्हणणे असे, की त्यातला मोठा वाटा एका जुन्या भांडणाचा आहे. मुंबई इलाख्यात ते १८८१ मध्ये पेटले आणि सुमारे सत्तर वर्षे धुमसत राहिले. ते समजून घ्यायला मुंबईपेक्षा नाशिक ही जास्त चांगली जागा आहे. मुंबईत एका घड्याळाचे दुसऱ्या घड्याळाशी वैर होते. नाशिकला घड्याळाची गाठ पंचांगाशी पडली आणि दोघेही टिकले.

घड्याळ येण्यापूर्वी इथे वेळापत्रकच नव्हते, अशी एक समजूत असते. ती चुकीची आहे. पंचांगालाही पाच अंगे असतात: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. क्रॉनच्या पाच रकान्यांशी त्यातला फक्त वार जुळतो. बाकीची चार अंगे आकाशातल्या घटनांवर टांगलेली आहेत. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने कुठलीही तिथी साधारण १९ तासांपासून २६ तासांपर्यंत लांबते आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी संपू शकते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. म्हणून कधी एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडते आणि तिची वृद्धी होते. कधी ती दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि तिचा क्षय होतो. मग व्रत कोणत्या दिवशी धरायचे, श्राद्ध केव्हा करायचे? हे प्रश्न सोडवण्यासाठी आपल्याकडे एक अख्खे शास्त्र उभे राहिले. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा बराचसा या निर्णयांचाच ग्रंथ आहे. वेळ दोनदा आली तर काम एकदाच करायचे की दोनदा, वेळ आलीच नाही तर ते सोडून द्यायचे की पुढच्या क्षणी उरकायचे, या शंका क्रॉन लिहिणाऱ्यांनाही छळत आल्या आहेत. अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू होते त्या मार्चमधल्या रविवारी रात्रीचे अडीच वाजतच नाहीत, घड्याळ दोनावरून थेट तीनवर जाते. नोव्हेंबरमध्ये मध्यरात्रीनंतरचा दीड दोनदा वाजतो. क्रॉनच्या पुढच्या आवृत्त्यांत यासाठी खास नियम घालावे लागले: हुकलेले काम लगेच करावे, झालेले पुन्हा करू नये. पंढरपुरातल्या शास्त्र्याने क्षय आणि वृद्धीसाठी जे काम केले होते, त्याच जातीचे हे काम आहे.

नाशिकच्या बाबतीत या आकाशाधीन वेळापत्रकाचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे सिंहस्थ कुंभमेळा. गुरू सिंह राशीत आला की तो सुरू होतो. बारा वर्षांनी येतो असे आपण म्हणतो खरे, पण गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांत पुरी होते, त्यामुळे दशकामागून दशक थोडा थोडा फरक साचत जातो आणि मधूनच एखादा सिंहस्थ अकरा वर्षांनी पडतो. १९८० नंतरचा १९९१ मध्ये आला, मग २००३ आणि २०१५. गोदावरीतल्या रामकुंडावर कोणत्या दिवशी स्नान हे तिथी ठरवते आणि दिवसाचा आरंभ सूर्योदय ठरवतो. तो सूर्योदय नाशिकचा. काशीचा किंवा उज्जैनचा सूर्योदय इथे उपयोगाचा नाही. जुन्या पंचांगात वेळ घटी-पळांत दिलेली असे, एक घटी म्हणजे २४ मिनिटे, आणि मोजणी त्या त्या गावच्या सूर्योदयापासून. प्रत्येक गावाची वेळ त्या गावाची असण्यात कोणाचेच काही अडत नव्हते, कारण एका गावाची वेळ दुसऱ्या गावापर्यंत पोचायच्या आत दिवस मावळलेला असे.

ही स्थिती आगगाडीने मोडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ मध्ये थळ घाट ओलांडणारा मार्ग खुला केला आणि मुंबईहून कसारा-इगतपुरीमार्गे नाशिकपर्यंत सलग गाडी येऊ लागली. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या चालकांचे ‘आठ वाजले’ वेगवेगळे असून चालत नाही. साधारण १८७० पासून हिंदुस्थानातल्या रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ सर्वत्र धरली. मद्रास जवळपास मधोमध पडत होते आणि तारेने वेळ कळवण्याची व्यवस्था त्या वेधशाळेकडे होती. याचा नाशिकमध्ये काय परिणाम झाला ते हिशेबानेच पाहावे. नाशिक सुमारे पूर्व रेखांश ७३ अंश ४७ कलांवर आहे. अंशाला चार मिनिटे या दराने ते ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५५ मिनिटे. मुंबई ४ तास ५१ मिनिटे, मद्रास ५ तास २१ मिनिटे. म्हणजे गोदाकाठी सूर्य माथ्यावर आला की मुंबईच्या घड्याळात अकरा वाजून छप्पन्न मिनिटे झालेली असत आणि नाशिकच्या स्टेशनातल्या घड्याळात बारा सव्वीस. पुढे शहर आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम धावू लागली. तिचे उतारू शहरात राहत आणि गाडी मात्र रेल्वेच्या वेळेने सुटे. एवढ्या दहाएक किलोमीटरांच्या टापूत दोन मध्यान्हे नांदत होती. १८८४-८५ च्या सिंहस्थाला आलेला यात्रेकरू गाडीतून उतरला तो मद्रासच्या वेळेने आणि कुंडात उतरला तो नाशिकच्या सूर्योदयाने. यात गोंधळ झाला असेल, पण संघर्ष झाला नाही, कारण रेल्वेने आपली वेळ स्टेशनाच्या आवारापुरती ठेवली होती.

संघर्ष मुंबईत झाला, आणि तो सरकारने ओढवून घेतला. ज्यांचे नाव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजाला आहे त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ च्या अखेरीस मुंबई शहरातल्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लागू केला. शहराने तो मानला नाही. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरून विद्यापीठ आणि सरकार यांच्यात वाद झाला, वर्तमानपत्रांनी टीका केली, लोकांनी आपापली घड्याळे पूर्वीसारखीच ठेवली. १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. दुसरा प्रयत्न व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीच्या अखेरीस आला आणि तो देशव्यापी होता: १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. मुंबईसाठी याचा अर्थ घड्याळ ३९ मिनिटे पुढे. फाळणीने बंगाल पेटलेला, स्वदेशीची चळवळ जोरात, आणि अशा वेळी सरकार दिवसाची सुरुवातसुद्धा आपल्या हुकमाने ठरवणार हे लोकांना सोसले नाही. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात काही हजार गिरणी कामगारांनी दंगा केला. महापालिकेत फिरोजशहा मेहतांसारखे नेते नव्या वेळेच्या विरोधात उभे राहिले आणि पालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई टाइम कायम ठेवला. शहरात कोणी वेळ सांगितली की ‘मुंबई की स्टँडर्ड?’ असे विचारणे पुढच्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले.

या विरोधाला आडमुठेपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. एकच वेळ असण्याचे फायदे उघड होते, शास्त्रही बाजूने होते, मग लोक भांडले कशासाठी? माझ्या मते त्यांचे भांडण एकवेळपणाशी नव्हतेच. मुंबईतल्या गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि त्या प्रकाशात कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला जात होता. १९०५ मध्ये त्यावरून कामगारांत असंतोष उसळलाही होता. सकाळी सहाला लागणारी पाळी ‘सहालाच’ ठेवायची आणि घड्याळ ३९ मिनिटे पुढे सारायचे, म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी घराबाहेर पडायचे. ते त्याच्या झोपेतून जाणार होते. वेळापत्रकाच्या ओळीत ‘सहा’ हा आकडा तसाच राहतो आणि तक्ता मात्र वरून कोणी बदलतो. ज्याच्या अंगावर ते काम येते त्याला विचारलेले नसते. पालिकेतल्या पुढाऱ्यांचा मुद्दाही याच दिशेचा होता: बदल करायचा तर नागरिकांना विश्वासात घेऊन करा. त्यांना प्रमाण वेळेचे गणित कळत नव्हते असे म्हणणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. दुसरीकडे हेही कबूल केले पाहिजे, की या प्रतिकाराची किंमत रोजच्या व्यवहाराला मोजावी लागली. स्टेशनवर एक वेळ आणि बाजारात दुसरी, हे स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून काही वर्षे चालते. गाडी चुकणाऱ्याला मात्र रोज त्रास देते.

नाशिकसारख्या गावी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. मुंबईतल्यासारखे घड्याळांचे बंड इथे उभे राहिल्याचा इतिहास नाही. कचेरी, तारघर, स्टेशन या सरकारी जागा नव्या वेळेवर गेल्या. मध्यान्हीचा सूर्य आता बारा पस्तीसला माथ्यावर येऊ लागला. आणि पंचांगकर्त्यांनी या नव्या वेळेशी हातमिळवणी केली. ही हातमिळवणी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. तिची तयारी आधीच झालेली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले; त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पंचांगशोधनाचा प्रश्न लावून धरला; शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी गणिताचा पाया भक्कम केला. गणित ग्रहांच्या खऱ्या स्थितीचे असेल, तर उत्तर घटी-पळांत सांगायचे की तास-मिनिटांत हा फक्त शेवटच्या रूपांतराचा भाग उरतो. म्हणून आज मराठी पंचांगात तिथीची समाप्ती स्टँडर्ड टाइममध्ये छापलेली असते आणि सूर्योदयाच्या स्थानिक फरकाचे कोष्टक वेगळे असते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही राष्ट्रीय दिनदर्शिकेची गणिते प्रमाण वेळेच्या साडेब्याऐंशी अंशांच्या त्याच मध्यवर्ती रेखांशावर बसवली. मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक तास पुढे ढकलला होता. १९४२ पासून १९४५ पर्यंत नाशिकची मध्यान्ह दीड वाजून पाच मिनिटांवर गेली होती. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबई महापालिकेने पन्नाशीच्या दशकात. कर्झनच्या सरकारचा हुकूम तेव्हा कर्झनचा उरला नव्हता.

आता यंत्राकडे परत यावे. यावर जाणकार संगणकतज्ज्ञ म्हणेल, की क्रॉनला स्थानिक वेळेची गरजच काय? सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवा, सारी कामे ग्रिनिचच्या हिशेबाने लिहा, कोणत्या देशात कोण भांडले याच्याशी यंत्राचा संबंध उरत नाही. पुष्कळ ठिकाणी असेच करतात, आणि निरनिराळ्या देशांतल्या यंत्रांच्या नोंदी जुळवायला ते बरेही पडते. पण एक साधे काम घ्या: दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे अडीच वाजता व्याज आकारायचे. ग्रिनिचच्या हिशेबाने तो क्षण आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री नऊचा. शेवटचा दिवस कधी २८, कधी २९, कधी ३० तर कधी ३१, आणि क्रॉनच्या तारखेच्या रकान्यात ‘महिनाअखेर’ असे लिहिण्याची मूळची सोय नाही. एका ओळीचे काम आडवळणाने करावे लागते. जो महिना, जी तारीख, जो वार मनात धरून माणूस काम नेमतो तो त्याच्या समाजाचा असतो. त्याचे ग्रिनिचमध्ये रूपांतर करण्याचे ओझे टाळता येत नाही, फक्त यंत्रावरून माणसावर सरकवता येते. शासनालाही हे घड्याळ एकच हवे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने देशातल्या संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली. मद्रासहून तारेने जाणाऱ्या इशाऱ्याचे काम आता तिथून होते.

उलट बाजूची मर्यादाही सांगायला हवी. एकवेळपणाने क्रॉन सोपा झाला, पण पंचांग ज्या तऱ्हेचे काम नेमू शकत होते ते त्याच्या पाच रकान्यांत बसत नाही. ‘सूर्योदयाला’ किंवा ‘अमावास्या सुरू झाल्यावर’ अशी ओळ क्रॉनला कळत नाही. त्यावर तंत्रज्ञ करतात ते असे: रोज मध्यरात्रीनंतर क्रॉनकडून एक छोटा प्रोग्रॅम चालवतात, तो त्या गावचा त्या दिवसाचा सूर्योदय गणिताने काढतो आणि मुख्य काम त्या मिनिटासाठी, फक्त त्या दिवसापुरते, नेमून देतो. पंचांगकर्ता वर्षभराचे एकदम करून छापतो, हा प्रोग्रॅम रोजचे रोज करतो. सिंहस्थाच्या पर्वणीलाही प्रशासन हेच करत आले आहे. तिथी आकाशातून येते; तिचे तास-मिनिटांत रूपांतर होते; मग दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी या साधूंच्या अनी आखाड्यांना रामकुंडावरच्या क्रमाच्या वेळा दिल्या जातात आणि रेल्वे त्यांना धरून जादा गाड्या आखते. २७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. एका वेळी किती माणसे एका जागी आणायची, याचा हिशेब चुकला की काय होते ते त्या दिवशी दिसले. त्यामुळे २०२७ च्या सिंहस्थासाठी हे रूपांतर मिनिटामिनिटाने नीट होणे, हा मला प्रशासनाच्या कर्तव्यातला पहिला भाग वाटतो.

राहता राहिला तो तक्ता, ज्यातून प्रत्येक युनिक्स यंत्र आपले अडीच काढते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ऐंशीच्या दशकात तो जमवायला सुरुवात केली, पॉल एगर्ट यांनी पुढे सांभाळला. त्यातले भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे, पण आतले आकडे पाहिले तर १८७० पासून मद्रासची वेळ आणि १९०६ पासून साडेपाच तास. म्हणजे नाव कलकत्त्याचे आणि इतिहास रेल्वेचा. खुद्द कलकत्त्याने १९४८ पर्यंत पाळलेली वेळ त्यात नाही आणि मुंबईचे ४ तास ५१ मिनिटेही नाहीत. तक्ता सांभाळणाऱ्यांचे उत्तर रास्त आहे: १९७० नंतरच्या वेळा अचूक देणे एवढीच त्यांची हमी आहे, त्याआधीचे जमेल तसे. तरी एक गोष्ट विचारात घ्यावी. जुन्या वेळांच्या नोंदी या तक्त्यात बऱ्याच प्रमाणात एका अमेरिकी ज्योतिष-अ‍ॅटलासवरून आल्या होत्या, आणि २०११ मध्ये त्या अ‍ॅटलासचे हक्क सांगणाऱ्या कंपनीने ओल्सन यांच्यावर दावाही लावला. तो पुढे मागे घेतला गेला, पण त्याच सुमारास तक्त्याची जबाबदारी आयाना या संस्थेकडे गेली. ज्योतिषाला जुन्या वेळा लागतात, कारण कुंडली जन्माच्या क्षणावर उभी असते. मुंबईत १९३० साली जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडणाऱ्या जोशीबुवांना आधी विचारावे लागते, की सांगितलेली वेळ मुंबई टाइम की स्टँडर्ड. ३९ मिनिटांत लग्न बदलू शकते. यंत्राला हा प्रश्न पडत नाही. तक्त्याच्या मूळ फाइलीत भारताच्या आकड्यांवर टिप्पणी म्हणून १९०६ च्या मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या दंग्याची नोंद कोणीतरी आवर्जून घातलेली आहे. पण यंत्राच्या वाचनासाठी फाइलीचे रूपांतर होते तेव्हा टिप्पण्या गळतात आणि खाली फक्त आकडे उतरतात.